जागा सोडू नये

खेळ पाहणाऱ्यांच्या जगात एक अलिखित नियम आहे. आपल्या बाजूच्या फलंदाजांची जोडी जमली असेल, तर पाहणाऱ्याने जागा सोडू नये. ज्याने मांडी घातली असेल त्याने ती मोडू नये. जो दाराच्या चौकटीला टेकून उभा असेल त्याने, खुर्ची रिकामी असली तरी, उभेच राहावे. तहान लागली तर षटक संपेपर्यंत थांबावे आणि षटक संपले की आणखी एक षटक थांबावे. हा नियम कोणी कोणाला शिकवत नाही. मूल चार-पाच सामने मोठ्यांच्या सोबतीने पाहते आणि वरणभाताबरोबर हाही नियम त्याच्या अंगी लागतो. १४ मार्च २००१ या दिवशी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, लक्ष्मण आणि द्रविड सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळत राहिले. ऑस्ट्रेलियाला दिवसभरात एकही गडी बाद करता आला नाही. तो बुधवार होता, कामाचा दिवस. त्या दिवशी देशभरात किती माणसे अवघडलेल्या पायांनी एकाच जागी बसून राहिली असतील, याची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही. पण त्या ३७६ धावांच्या भागीदारीत आपलाही वाटा होता, असे मनातल्या मनात मानणारे अनेक जण मला ठाऊक आहेत. त्यांत एक निवृत्त न्यायाधीशही आहेत.

या समजुतीला हसावे, तर प्रत्यक्ष मैदानावरची माणसेही आपल्यापेक्षा वेगळी नसतात. मोहिंदर अमरनाथ यांचा लाल रुमाल प्रसिद्धच आहे. इंग्लंडचे पंच डेव्हिड शेफर्ड धावसंख्या १११ झाली की एक पाय जमिनीवरून उचलत, आणि ती पुढे सरकेपर्यंत अधूनमधून तसे करत राहत. निःपक्षपातीपणा हाच ज्यांचा धर्म, त्या पंचांनाही आकड्याची भीती होती. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी सतरा धावांत बाद झाले आणि मग कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रण नाही. त्यामुळे ती आपल्यापर्यंत आली ती सांगणाऱ्यांच्या तोंडून, आणि ते सांगतात की संघातल्या खेळाडूंनीही त्या वेळी आपापली जागा सोडली नाही. ज्यांना फलंदाजीची सगळी गणिते ठाऊक होती, तेही थंडीत तसेच उभे राहिले.

असे का व्हावे? बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातल्या भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळत. कबुतर काय करते याच्याशी त्या दाण्यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही काही दिवसांत एक कबुतर स्वतःभोवती गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याकडे मान उंचावू लागले. दाणे पडले त्या क्षणी ते जे करत होते, त्यामुळेच दाणे पडले असे जणू त्यांनी ठरवून टाकले. आपली मांडी म्हणजे त्या कबुतराची गिरकीच. चौकार गेला तेव्हा आपण डावा हात उशाखाली घेतला होता. मग तो हात बधिर झाला तरी तिथेच राहतो.

मात्र मला स्किनरपेक्षा मालिनोव्स्की अधिक जवळचा वाटतो, कारण तो आपल्याला कबुतर म्हणत नाही. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर त्याने असे पाहिले की, खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना तिथले लोक कोणताही मंत्रतंत्र करत नाहीत. आपल्या कौशल्यावर विसंबतात. खुल्या समुद्रात, जिथे जीव धोक्यात आणि मासळीचा भरवसा नाही, तिथे मात्र विधी आलेच. माणसाचे ज्ञान आणि बळ जिथे संपते तिथे तो विधीकडे वळतो. या कसोटीने पाहिले तर चाहत्याइतका खुल्या समुद्रात दुसरा कोणी नाही. फलंदाजाच्या हाती बॅट तरी असते. चाहत्याच्या हाती काय? सगळे पणाला लागलेले आणि करण्यासारखे काहीही नाही, अशी ही विचित्र अवस्था असते. आपण ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावतो, त्याला आपण या जगात आहोत हेही माहीत नसते. अशा प्रेमाला काहीतरी काम हवे असते, आणि ते काम म्हणजे जागा न सोडणे.

सिनेमाच्या चाहत्यांना ही अवस्था नवी नाही. जुलै १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना पोटात गंभीर इजा झाली आणि ते मृत्यूच्या दारात पोहोचले. देशभर नवस बोलले गेले, उपास धरले गेले, मुंबईत रुग्णालयाबाहेर माणसे ताटकळत राहिली. ते बरे झाले. चित्रपटात नायकाचा मृत्यू व्हायचा होता. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी शेवट बदलून त्याला जगवले. ज्या प्रसंगात इजा झाली तो क्षण पडद्यावर थांबवून प्रेक्षकांना दाखवला गेला. औषधोपचारांचे श्रेय कोणाला आणि नवसाचे किती, हा वाद सोडून देऊ. पण पाहणाऱ्यांच्या इच्छेने गोष्टीचा शेवट बदलला, असे निदान एकदा तरी घडले. क्रिकेटमध्ये मनमोहन देसाई नसतात, ही खरी अडचण आहे.

म्हणूनच, इथवर सांगितलेल्या समजुती मला निरुपद्रवी, किंबहुना लोभस वाटत आल्या आहेत. माणूस स्वतःच्या पायाला मुंग्या आणून घेतो, त्यात कोणाचे काय बिघडते? बिघडते ते सामना हरल्यावर. जिंकल्यावर श्रेय सगळ्या घराला वाटून देता येते, हरल्यावर मात्र दोष एकालाच द्यावा लागतो.

३१ जानेवारी १९९९. चेन्नईत पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीचा चौथा दिवस, रविवार. विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. पाठ धरलेली असताना सचिन तेंडुलकर खेळत होता आणि केवळ १७ धावा उरल्या होत्या. आमच्या घरी तेव्हा बारा-तेरा माणसे जमली होती आणि सगळी जणू भिंतीवरच्या चित्रात असावीत तशी स्तब्ध होती. दारावर इस्त्रीवाला आला. कोणी उठेना, तेव्हा आत्या उठली, तिने कडी काढली, कपडे मोजून घेतले. सचिन १३६ धावांवर बाद झाला. उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि भारत बारा धावांनी हरला.

“माई, तू उठलीस आणि घात झाला,” असे काका म्हणाले. ते हसत म्हणाले होते. सगळे हसले, आत्याही हसली. पुढे ते वाक्य घरात म्हणीसारखे रुळले. पण आत्या वयाच्या तिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती, आणि ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द तिने सासरी प्रत्यक्ष ऐकला होता. एका घरात ते गंभीरपणे म्हटले गेले, दुसऱ्या घरात थट्टेने. वाक्याची रचना मात्र एकच. तू आलीस, तू उठलीस, तू पाहिलेस, म्हणून असे झाले. त्यानंतर सामना सुरू असताना आत्या बाहेरच्या खोलीत आली नाही. तिला कोणी तसे सांगितलेले नव्हते. २ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती; ओरडा ऐकून दारापर्यंत आली आणि “संपलं ना? येऊ?” असे विचारून मगच तिने आत पाऊल टाकले.

हे आमच्याच घरापुरते आहे असे मानायला मला आवडले असते. मार्च २०१५ मध्ये सिडनीला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहली एका धावेवर बाद झाला आणि लाखो लोकांनी प्रेक्षकांत बसलेल्या अनुष्का शर्माला दोषी ठरवले. चेंडू टाकणारा जॉन्सन, झेल घेणारा हॅडिन, ऑस्ट्रेलियाच्या ३२८ धावा, हे सगळे बाजूला राहिले आणि प्रेक्षकांतली एक तरुणी तेवढी उरली. वर्षभराने कोहलीने अशा लोकांना लाज वाटली पाहिजे, असे जाहीरपणे सुनावले. आत्याच्या वतीने असे सुनावणारे कोणी नव्हते. चेंडू सोडून दाराकडे पाहणाऱ्या या नजरेला मी खेळाचे प्रेम म्हणू शकत नाही. जागा सोडू नये हा नियम माणसाने स्वतःपुरता पाळावा. तो दुसऱ्याला लावला की तो नियम राहत नाही, खटला होतो.

अलीकडे सामने मोबाइलवर दिसतात. माझा भाचा एकदा आत्याला त्यातली गंमत समजावून सांगत होता. खालच्या मजल्यावर टीव्ही आहे. तिथला जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर तो चौकार काही सेकंदांनी जातो. म्हणजे आपण श्वास रोखून ज्याची वाट पाहतो तो चेंडू केव्हाच पडून गेलेला असतो. “टीव्हीवरसुद्धा थोडं उशिराच दिसतं, आजी. आपण उठलो काय, बसलो काय, तिथं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.”

आत्याने त्याला ते दोनदा सांगायला लावले.

“मग हे तेव्हाच सांगायचं होतं की रे कोणीतरी,” ती म्हणाली. आणि उकडलेल्या शेंगांची ताटली घेऊन बाहेरच्या खोलीत, दिवाणावर, आमच्यामध्ये येऊन बसली. पुढच्याच षटकात आपला एक गडी बाद झाला. कोणी काही बोलले नाही. आत्याने एक शेंग सोलली आणि दाणे काकांच्या हातावर ठेवले.