हेड किती आवळायचं?

सायकलचं हेड, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, किती आवळायचं, हे मला अजून कुणाला शब्दांत सांगता आलेलं नाही. ढिलं राहिलं तर पुढचा ब्रेक दाबताच खडखडतं, बहिऱ्यालाही कळतं. खरा डँबिस म्हणजे किंचित टाइट हेड. दुकानात गुमान फिरतं आणि संध्याकाळी गिऱ्हाईक परत येतं, "सायकल झुलतेय हो!"

झुलणारच. सरळ चाललेली सायकलही सारखी थोडी थोडी पडत असते. डावीकडे कलली की हँडल आपसूक डावीकडे जातं, चाकं अंगाखाली येतात, तोल सावरतो. हेड धरलं की ही सावरासावर उशिरा होते. वळणावर तर आणखी गंमत. डावीकडे वळायचं तर हँडल आधी निमिषभर उजवीकडे जातं. चाकं उजवीकडे सरकली की अंग डावीकडे कलतं आणि मग हँडल त्याच्या मागे डावीकडे. विमानवाल्या राइट बंधूंचं डेटनला सायकलचं दुकान होतं. त्यांतल्या विल्बरने हे हेरलं होतं. शिकलेले लोक मात्र तोलाचं सगळं श्रेय फिरत्या चाकाच्या भोवऱ्याला देतात. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी तो भोवरा रद्द करणारी उलटी फिरणारी चाकं बसवून सायकल सोडली, तरी ती स्वाराविना तोल सांभाळत गेली.

माझं घोडं अडतं लॉकनटवर. हेडची वाटी बरोबर बसवावी आणि वरचा नट कसावा, तर वाटी पुन्हा चिकटते. म्हणून आधी केसभर ढिली ठेवायची. केसभर म्हणजे किती, ते बोटं सांगायची. आता साखरेने बोटं बधिर झालीत. नव्या दुकानांत टॉर्कचा पाना 'कट्' वाजवतो. खड्डे पडलेल्या वाटीचं त्याला काय कळणार!

पूर्वी टेस्टिंगच्या नावाखाली हाताची घडी घालून मी समोरच्या दुकानावरून सायकल न्यायचो. टेस्टिंग कमी, मिरवणं जास्त. आता ते काम हाताखालची पोरगी करते. निघण्याआधी फ्रेमची नळी धरून पुढचं चाक उचलते, सायकल जरा कलती करते आणि हँडल आपल्या वजनाने पडतं का बघते. मध्येच अडलं तर माझ्याकडे न बघता पुन्हा पाना उचलते. मला राग येतो, पण तिचं बरोबर असतं.

तुमची सायकल झुलत असेल, तर चाकाचा आउट काढायला सांगण्याआधी एवढं घरीच करून बघा.