अंगठ्याच्या आधी

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की आम्हा शिकवणाऱ्यांसाठी संशोधनाचे वर्कशॉप असते. प्रश्न कसा मांडावा, माणसे किती निवडावीत, आकडे कसे तपासावेत, असे सारे. पिंप्राळ्याच्या भर उन्हात मी निघाले की घरचे विचारतात, नोकरी लागली, आता कसला अभ्यास?

अभ्यास आपल्याच बायाबापड्यांचा असतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! हे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, तेव्हा जगाला कळले.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटला तो संमतीपत्राचा तास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वे सांगतात की माहिती समजेल अशा भाषेत द्यावी. वाचता येत नसेल तर त्रयस्थ, साक्षर साक्षीदार हवा, मगच अंगठा. भगिनींनो, नाही म्हणता येते, मध्येच सोडताही येते. त्यामुळे उपचार अडत नाहीत.

शेजारच्या मावशींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “अंगठा म्हटला की पोटात गोळा येतो गं. घर जाईल असंच वाटतं.” मी आमचे माहितीपत्रक त्यांना वाचून दाखवले. दोनदा त्यांनी थांबवले, “म्हणजे काय?” ते दोन्ही शब्द मी खोडले. जूनमध्ये मुलींना आपापल्या आजीला कागद वाचून दाखवायला लावणार आहे.