मृग ओळखू यावा म्हणून

कॅमेऱ्याला तारे जरा जास्तच दिसतात. आकाशाचे फोटो काढणाऱ्याची ही तक्रार ऐकून नवखा हसेल. पण अंधाऱ्या जागेवरून मृग नक्षत्राचा फोटो काढून घरी दाखवा; ‘यात मृग कुठाय?’ हाच पहिला प्रश्न येतो. नुसत्या डोळ्यांना एका वेळी फार तर दोन-अडीच हजार तारे दिसतात, आणि नजर ठरते ती त्यातल्या मोजक्या ठळकांवरच. कॅमेरा अंधुक ताऱ्यांनाही पुढे ओढतो. उलट तेजस्वी ताऱ्याचा ठिपका पांढराफटक झाला की त्यापुढे तो आणखी उजळ होऊच शकत नाही. मग व्याध काय आणि त्याच्या शेजारचा कुणी अनोळखी तारा काय, दोघांत फारसा फरक उरत नाही. जत्रेत घरचं माणूस दिसेनासं व्हावं तसं नक्षत्र हरवतं.

हिवाळ्यात देवगडकडच्या सड्यावर संध्याकाळी फिरायला जाताना मी एक कॅमेरा, एक लेन्स आणि ट्रायपॉड एवढंच घेतो. आकाशगंगेचा झगमगता मध्यभाग या दिवसांत सूर्याच्याच दिशेला असतो, म्हणून त्याच्यासाठी जागायचं कारण नाही. जे हवं ते जेवणाआधीच मिळतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साडेसातच्या पुढे संधिप्रकाश संपतो. अंगात स्वेटरही लागत नाही. मासेमारीच्या बोटींचे दिवे पाठीमागे समुद्रात राहतात आणि आठच्या सुमारास समोर पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो. तेव्हा तो आडवा असतो, त्यामुळे त्याच्या पोटातला बाण जवळजवळ उभा दिसतो आणि त्याची रेघ खाली व्याधाकडे जाते. बाणाच्या डावीकडे तांबूस काक्षी तारा, उजवीकडे निळसर राजन्य. कॅमेरा उभा धरला की 35 मिमीच्या चौकटीत खालच्या झाडासकट हे सगळं मावतं. रोहिणी तेवढी वर बाहेर राहते. राहू दे.

500 ला फोकल लेंग्थने भागावं, तितके सेकंद शटर उघडं ठेवलं तर तारे रेघा ओढत नाहीत, असा जुना हिशेब आहे. 35 मिमीला तो चौदा सेकंद देतो. आताच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरला ते फार होतात. त्यातून बाणाचे तारे आकाशाच्या विषुववृत्ताला लागूनच आहेत. ध्रुवाजवळचे तारे रेंगाळतात, हे पळतात. मी आठ सेकंदांवर थांबतो. छिद्र एफ/2, आयएसओ 1600.

आणि लेन्सवर धुकट काचेचा फिल्टर. जपानच्या अकिरा फुजिई यांची नक्षत्रचित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठळक ताऱ्यांभोवतीची मऊ वलयं आठवतील. फिल्टर सगळ्यांचाच प्रकाश पसरवतो. तेजस्वी तारा त्यामुळे मोठा होतो, अंधुक तारा पातळ होऊन काळोखात विरतो. पसरलेला प्रकाश पांढराफटक होत नाही, म्हणून रंगही टिकतो. खगोलछायाचित्रकार डेव्हिड मॅलिन यांनी रंगासाठीच मृगाच्या एका प्रसिद्ध चित्रात शटर उघडं ठेवून फोकस टप्प्याटप्प्याने बिघडवत नेला होता. त्यात प्रत्येक तारा रुंदावत जाणारा रंगीत पट्टा झाला आहे. कोकणात तर रात्र चढली की दव फिल्टरचं काम फुकटात करतं, फक्त कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही.

फिल्टरला खोटेपणा म्हणणारे मित्र आहेत. फिल्टरमुळे झाडाच्या फांद्याही मवाळ होतात, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. पण व्याध आणि अनोळखी तारा यांना एकाच मापाचा ठिपका देणारा फोटो खरा कसा, हे त्यांनी मला अजून पटवून दिलेलं नाही. 2020 च्या फेब्रुवारीत काक्षी नेहमीच्या तेजाच्या निम्म्याहूनही खाली उतरला होता. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आली, असा उलगडा शास्त्रज्ञांनी पुढे केला. त्या महिन्यातले माझे बिनफिल्टरचे फोटो आणि आदल्या हिवाळ्यातले फोटो शेजारी ठेवले तर चटकन काही वेगळं जाणवत नाही. फिल्टरच्या फोटोत मात्र काक्षीचं वलय आक्रसून मृगातल्याच दुसऱ्या एका साध्या ताऱ्याएवढं झालेलं पहिल्या नजरेत दिसतं.