मुदती हुंडीचा वटाव

लेख द्या, असं संपादक गेली दोन वर्षं म्हणत होते आणि मी टाळत होतो. यंदा होकार दिला तो जूनमध्ये सापडलेल्या एका चुकीमुळे. ती माझ्या सहीखाली दोन वर्षं खपून गेली होती, आणि अजून डोक्यातून जात नाही.

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कर्मचाऱ्यांना पुढची वीस-पंचवीस वर्षं जी ग्रॅच्युइटी द्यावी लागेल, तिची आजची किंमत काढायचं काम आमच्याकडे आहे. कोणत्या वर्षी किती रक्कम द्यावी लागेल याचा अंदाज करायचा, प्रत्येक रकमेला त्या वर्षाच्या डिस्काउंट फॅक्टरने गुणायचं आणि बेरीज करायची. पुष्कळ ठिकाणी सगळ्या वर्षांना एकच दर लावून मोकळे होतात. आम्ही तसं करत नाही. दरवर्षाचा दर वेगळा काढतो, आणि त्याचा मला अभिमान होता.

‘डिस्काउंट’ म्हटलं की लोकांना लक्ष्मी रोडवरचा सेल आठवतो. खरं तर आपल्या भाषेत याला जुना, नेमका शब्द आहे: वटाव. पेशवाईत पुण्याचा पैसा हुंडीने फिरत असे. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखवताच मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. मुदतीआधी पैसे हवे असतील तर सावकार त्यातून काही कापून उरलेले देई. ते कापणं म्हणजे वटाव. आज आपण चेक ‘वटला’ म्हणतो, तो शब्द त्याच घराण्यातला. पुढे मिळणाऱ्या एका रुपयाचे सावकार आज किती पैसे देईल, तेवढाच डिस्काउंट फॅक्टरचा अर्थ आहे.

हे समजलं नाही की काय होतं, ते पुणेकरांनी पाहिलेलं आहे. महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी जून 2017 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे काढले. मुदत दहा वर्षं, व्याज 7.59 टक्के. वर्षाचं व्याज 15.18 कोटी, दहा वर्षांचं 151.80 कोटी. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ मला जिन्यात थांबवून आजही विचारतात, ‘दोनशे घेऊन साडेतीनशे परत करायचे, हा कुठला शहाणपणा?’ मी त्यांना दरवेळी सांगतो की वेगवेगळ्या तारखांचे रुपये एका रकान्यात मांडून बेरीज करता येत नाही. मुद्दल शेवटी एकरकमी फेडायचं असं धरून प्रत्येक हप्ता 7.59 टक्क्यांनी वटवून पाहा, बेरीज बरोबर 200 कोटी येते. कर्ज महाग की स्वस्त, हा वाद जरूर घालावा. पण तो दराचा वाद आहे, 351.80 या आकड्याचा नाही.

त्या सुमारास केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास परतावा मिळत होता. महापालिकेचे हेच हप्ते साडेसहा टक्क्यांनी वटवले तर किंमत येते सुमारे 215 कोटी 70 लाख. मधले 15 कोटी 70 लाख म्हणजे पैसे देणारं दिल्लीचं सरकार नसून महापालिका आहे, आणि तिचा रोखा मधेच विकायला गेलं तर गिऱ्हाईक सहज मिळत नाही, याची बाजाराने लावलेली किंमत. एकाच रोख्याचे दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर. कोणता दर लावायचा हे आधी ठरवावं लागतं. ग्रॅच्युइटीसाठी आपल्या लेखामानकाने ते ठरवून दिलं आहे: सरकारी रोख्यांचा बाजारातला परतावा, ताळेबंदाच्या तारखेचा.

मुदतीप्रमाणे हा परतावा बदलतो. मुदत आडवी आणि परतावा उभा मांडून बिंदू जोडले की यील्ड कर्व्ह तयार होतो. इथवर सगळ्यांना कळतं. खरी अडचण पुढे आहे, आणि तिथे वाचकाने थोडा धीर धरावा अशी विनंती आहे.

वक्र दोन प्रकारचे असतात. पार यील्ड म्हणजे दरवर्षी व्याज देणारा रोखा बरोबर 100 रुपयांना विकला जावा म्हणून त्यावर द्यावा लागणारा व्याजदर. झिरो रेट म्हणजे मधे काहीच न देता शेवटी एकरकमी पैसे मिळणार असतील तर पडणारा दर. फॅक्टर थेट दुसऱ्यातून निघतो. पहिल्यातून काढायचा तर पायरीपायरीने वर चढावं लागतं.

एक वर्षाचा पार 6 टक्के, दोन वर्षांचा साडेसहा, तीन वर्षांचा 7 असं धरा. पहिला फॅक्टर 1 भागिले 1.06, म्हणजे 0.9434. दोन वर्षांच्या रोख्याचं साडेसहा रुपये व्याज पहिल्या वर्षअखेरीस येतं, त्याची आजची किंमत 6.13. ती 100 मधून वजा करून उरलेल्याला 106.50 ने भागलं की 0.8814. असंच पुढे गेलं की तिसरा 0.8152. पण कोणी 7 टक्के हाच झिरो रेट समजून 1.07 चा घन करून भागलं, तर उत्तर येतं 0.8163. फरक किरकोळ वाटतो ना? 100 कोटींवर दुसऱ्या वर्षी तो पावणेतीन लाख होतो आणि तिसऱ्या वर्षी अकरा लाख. वक्र असाच चढता राहिला तर मुदतीबरोबर चूक वाढत जाते.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. एफबीआयएल ही संस्था सरकारी रोख्यांचे पार आणि झिरो असे दोन्ही वक्र जाहीर करते. आमच्या हुशार सहकाऱ्याने पारची फाइल उतरवून घेतली आणि क्वांटलिब या सॉफ्टवेअरमध्ये झिरोच्या जागी भरली. क्वांटलिब फुकट मिळतं, त्याचं प्रत्येक पान उघडून वाचता येतं, आणि जगभरच्या लोकांनी ते वर्षानुवर्षं घासूनपुसून चांगलं केलं आहे. त्यात झिरो रेटवरून थेट वक्र करायची एक सोय आहे आणि रोख्यांवरून पायऱ्या चढायची वेगळी. दोन्हींना आकडेच लागतात. 7 टक्के पारचे की झिरोचे, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं. कुठलाही इशारा आला नाही. आलेख गुळगुळीत आला, सुंदर आला, आणि मी सही केली.

याहून मोठ्या चुका होतात हे मला माहीत आहे. सरकारी रोख्यांचं व्याज सहामाही असतं आणि दिवस 30 चा महिना, 360 चं वर्ष धरून मोजतात. ते विसरून वार्षिक दर भरलेले अहवाल मी पाहिले आहेत. पण त्या चुका शेजारी दुसरा अहवाल ठेवला की दिसतात. पार आणि झिरोची गल्लत दिसत नाही, कारण उत्तर पटण्यासारखं असतं. ‘सॉफ्टवेअरने काढलंय’ या वाक्यावर आपल्याकडे बैठका संपतात. सॉफ्टवेअर भागाकार करतं. कशाला कशाने भागायचं, ते माणूसच सांगतो. कागदावर तीन वर्षांच्या पायऱ्या हाताने करायला वीस मिनिटं लागतात. त्या केल्या असत्या तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. मी नव्या मुलांकडे हा हातगणिताचा आग्रह धरत असे. त्या दोन वर्षांत मला स्वतःलाच ते करावंसं वाटलं नाही.

फॅक्टर मोठे पडले म्हणून देणं फुगलं, काही लाखांनी. संस्थेने तेवढी तरतूद जास्त केली. त्याच वर्षी कंत्राटी शिक्षकांची मानधनवाढ पुढे ढकलली गेली, आणि बैठकीत जे कारण सांगितलं गेलं त्यात ‘ग्रॅच्युइटीची वाढलेली तरतूद’ हे शब्द होते. त्यातला किती भाग खऱ्या वाढीचा आणि किती आमच्या चुकीचा, हे आता वेगळं काढता येत नाही. मी संस्थेला लेखी कळवलं, नवा अहवाल दिला, फी परत केली. ज्यांचं मानधन अडलं, त्यांच्यापर्यंत ते पत्र पोचलं की नाही ते ठाऊक नाही.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी काही जण एखाद्या संस्थेचे विश्वस्त असतील, सोसायटीचे किंवा सहकारी बँकेचे संचालक असतील. असा अहवाल पुढच्या बैठकीत तुमच्यापुढे आला, तर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: दर कोणत्या तारखेचा, वक्र कोणाचा, पारचा की झिरोचा, आणि व्याज वर्षातून किती वेळा धरलं. आणि पहिल्या तीन वर्षांचे फॅक्टर हाताने करून दाखवायला सांगा. जो दाखवणार नाही, त्याचा अहवाल परत पाठवा. माझा असला तरी.