'अज्ञात ताप' नावाचा ताप नसतो

'अज्ञात तापाने शेतकऱ्याचा मृत्यू.' ही बातमी मी आजवर किती वेळा लिहिली, मोजदाद नाही. फोन यायचा, चार ओळी आणि फोटो, संपलं. गेल्या पावसाळ्यात तीच बातमी माझ्या सख्ख्या काकांची झाली.

लावणी चालू होती. काकांची टाच फुटलेली, दिवसभर चिखलात. आठ-दहा दिवसांनी ताप आला. "लावणीचो ताप, येतलो नि जातलो," म्हणाले. पोटऱ्या ठणकत होत्या, डोळे लाल. इंजेक्शन घेतलं आणि परत मळ्यात. पाचव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी बंद. जिल्ह्याला नेईपर्यंत किडन्या गेल्या होत्या. रिपोर्ट आला: लेप्टोस्पायरोसिस.

मग मी वाचायला बसलो. स्क्रूसारखा पीळ असलेला हा जीवाणू उंदराच्या किडनीत राहतो. उंदराला काही होत नाही. त्याच्या मूत्रातून जीवाणू मळ्यातल्या पाण्यात येतो आणि ओल्या मातीत आठवडे-आठवडे जगतो. त्याला आत शिरायला भेग, ओरखडा पुरतो. तिथून तो रक्तात जातो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, म्हणून चिखलाचा आणि तापाचा संबंध आपल्या लक्षातच येत नाही. तापाच्या पहिल्या आठवड्यात जीवाणू रक्तात फिरतो. डॉक्सिसायक्लिनसारखं साधं, स्वस्त अँटिबायोटिक याच दिवसांत सगळ्यात जास्त कामाचं. पुढे तो लिव्हर, किडनी, फुप्फुसं धरतो, मग डायलिसिस आणि व्हेंटिलेटरच्या गोष्टी सुरू होतात.

आणखी एक. अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात. सुरुवातीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका. डॉक्टरने विचारलं नाही तरी आपणहून सांगा, "मी चिखलात काम केलंय." काकांच्या वेळी हे एक वाक्य ना कुणी विचारलं, ना आम्ही सांगितलं.

ताप अज्ञात नव्हता. आम्हीच विचारलं नव्हतं, आणि मी तर वर्षानुवर्षं तो शब्द छापून सगळ्यांची सुटका करत होतो. आरोग्य खात्याचीही आणि माझीही. यापुढे माझ्या बातमीत दोन प्रश्न असतील: ताप आल्यावर कितव्या दिवशी रक्त तपासलं? आणि लावणीआधी गावात प्रतिबंधक गोळ्या पोचल्या होत्या का?

पोस्ट शेअर नाही केलीत तरी चालेल. घरात लावणीला जाणारं कुणी असेल, तर त्याला तेवढी वाचून दाखवा.