कडूपणाची मशागत

सेलरीचं बी आणि दवण्याचं बी तळहातावर शेजारी शेजारी घेतलं, तर दोन्ही नुसती धूळच वाटते. सेलरीचे दोन-अडीच हजार दाणे एका ग्रॅममध्ये मावतात. दवण्याचं बी इतकं हलकं की वाळूत कालवल्याशिवाय वाफ्यात सारखं पडतच नाही. दोन्ही पिकं आपल्याकडे थंडीची. दोन्हींवर मातीचा थर जाड बसला, की ती उगवायचं नाव घेत नाहीत. इथवर दोघी सख्ख्या बहिणी म्हणाव्यात. पुढे मात्र एकीला आपण कडूपणा सोडायला लावलं, आणि दुसरीचा कडूपणा जसाच्या तसा राहावा म्हणून शेत राखलं. त्यांच्या मशागतीतला सगळा फरक मला या एका गोष्टीतून आलेला दिसतो.

सेलरी मूळची भूमध्य समुद्राकाठच्या पाणथळ, खाऱ्या जमिनीतली. ती सवय तिने अजून सोडलेली नाही. मुळं वरवरची, आणि तहान मात्र दलदलीची. पाण्याचा एक ताण बसला, की दांड्यात रेषा धरतात, आतून तो भेंडाळतो आणि चवीला कडवट होतो. पाणी भरपूर दिलं, पण कॅल्शियम कोवळ्या गाभ्यापर्यंत पोचलं नाही, तर गाभाच काळा पडतो. तिला थंडी हवी, पण तीही बेताची. रोपं लहान असताना बरेच दिवस पारा दहा अंशांच्या खाली राहिला, तर तिला वाटतं एक हिवाळा सरला. मग ती दांडे भरायचं सोडून फुलोऱ्याला लागते. एवढं सगळं सांभाळून ती वाढली, की जुन्या पद्धतीत तिचं ऊनही काढून घेत. दांड्यांना मातीची भर लावत, फळ्या उभ्या करत, कागद गुंडाळत. उजेड नाही म्हणून हिरवेपणा नाही, आणि हिरवेपणाबरोबर कडूपणाही उतरतो. आता आपोआप फिकट राहणारे वाण आले आहेत, त्यामुळे ही गुंडाळागुंडाळी बरीच कमी झाली. पण बाजारातला तो करकरीत, पाणीदार, जवळजवळ निरुपद्रवी दांडा पाहिला, की त्यामागे माणसाने किती पिढ्या हट्ट केला असेल ते जाणवतं.

कारण तो दांडा पूर्वी निरुपद्रवी नव्हता. इजिप्तमध्ये तुतानखामेनच्या थडग्यातल्या माळांमध्ये रानसेलरीची पानं सापडली आहेत. ग्रीकांनी तर तिला एकाच वेळी मानाची आणि अशुभाची केली. नेमिया इथल्या खेळांत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर तिचा मुकुट, आणि मेलेल्याच्या थडग्यावरही तीच. दुखणेकरी हाताबाहेर गेला, की त्याला आता सेलरीच हवी, असं तिथले लोक म्हणत. प्लुटार्कने एक किस्सा नोंदवला आहे. सिसिलीत कार्थेजच्या फौजेशी भिडायला निघालेल्या टिमोलियनच्या सैन्याला वाटेत सेलरी लादलेली खेचरं आडवी गेली. शिपायांचे चेहरे उतरले. टिमोलियनने तिथल्या तिथे त्याच पानांचा मुकुट करून स्वतःच्या डोक्यावर घातला. आमच्या करिंथमध्ये हा विजेत्याचा मान आहे, असं त्याने सांगितलं आणि पुढे लढाईही जिंकली. सेलरीचा एवढा नाट्यमय उपयोग नंतर कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात इटली आणि फ्रान्समधल्या माळ्यांनी तिला हळूहळू माणसाळवलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, कालामाझूच्या काळ्या दलदलीत डच स्थलांतरितांनी तिची इतकी लागवड केली, की त्या गावाला सेलरीचं शहर म्हणू लागले. त्या काळी श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलावर ती फुलांसारखी उंच काचेच्या भांड्यात उभी करून ठेवत. आपल्याकडे ती पोचली ती सूपमधून, आणि त्याहून जास्त चायनीजच्या गाड्यांवरून. मंचुरियनमध्ये बारीक चिरलेली सेलरी खाणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना आपण ती खातो आहोत याचा पत्ता नसतो.

दवण्याला असं कुणी गोड करायला गेलं नाही. कुणाला ते सुचलंही नसेल. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातली, आर्टेमिसिया नावाच्या मोठ्या गोतावळ्यातली ही एक चिमुकली वर्षायू वनस्पती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी टाकायचं आणि फेब्रुवारी-मार्चात कापणी करायची. तिलाही पाणी लागतं, पण हलक्या हाताने आणि निचरा होईल अशा जमिनीत. साचलेल्या पाण्यात ती कुजते. फुलं धरताना अवकाळी पाऊस कोसळला, तर सुवासाचं तेल घटतं आणि शेतकऱ्याचा हंगाम गेला. ऊन मात्र हवं, लख्ख आणि उघडं. दवण्याचं सगळं धन पानाफुलांवरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या ग्रंथींमध्ये. कापलेला दवणा सावलीत सुकवून वाफेवर गाळतात. शंभर किलो ओल्या मालातून तेल निघतं ते अवघं दोनशे ग्रॅमच्या आसपास. अत्तराच्या धंद्यातले लोक सांगतात, की हे तेल प्रत्येकाच्या अंगावर वेगळं दरवळतं. मला हे खरं वाटावंसं वाटतं.

पीक हाती यायला आणि चैत्र लागायला एकच गाठ पडते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलालाने आभाळ गुलाबी होतं, आणि गुलाल-खोबऱ्याबरोबर देवाला दवणा वाहिला जातो. पंचांगातली दमनक चतुर्दशी त्याच्या आदल्याच दिवशी. डोंगर उतरून घरी आलेला दवणा देवापुढून निघतो आणि कपड्यांच्या घडीत जातो, कसर लागू नये म्हणून. युरोपातल्या बायकाही आर्टेमिसियाच्या एका जातीच्या वाळक्या फांद्या याच कामासाठी कपाटात ठेवत. किड्यांना नकोसं आणि देवाला हवंसं, असं एकाच वासाला जमतं याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

या गोतावळ्यात आणखी कितीतरी जणी आहेत. सह्याद्रीच्या उतारावर आपोआप वाढणारा ढोरदवणा आहे. किरमाणी ओवा आहे, जंतांवरचा जुना इलाज. एका विलायती जातीपासून ॲबसिंथ नावाची हिरवी दारू होते. फ्रान्सने 1915 मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि पिणाऱ्यांच्या वेडाचं खापर झाडावर फोडलं. त्यातलं बरंचसं खापर साध्या अल्कोहोलवर फुटायला हवं होतं, पण झाडाला वकील नसतो. आणि एक चिनी जात आहे, आर्टेमिसिया ॲन्युआ. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने हिवतापावर तिचा एक उपाय लिहून ठेवला होता. मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा आणि तो रस प्यायचा. 1971 च्या सुमारास तू यूयू ही शास्त्रज्ञ हे वाचून थबकली. इथे काढा उकळायला सांगितलेलाच नाही. म्हणजे उकळण्यानेच औषध मरत असेल का? तिने पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. त्या अर्काने प्रयोगातल्या उंदरांमधला हिवताप पुरता आटोक्यात आला. पुढच्या वर्षी तिने आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतःवर घेऊन पाहिला. त्यातून आलेल्या आर्टेमिसिनिनने लाखो जीव वाचवले, आणि 2015 मध्ये तिला नोबेल मिळालं.

हे वाचून सेलरीला कुणी पोचट ठरवू नये. तिने दांड्यातला कडूपणा सोडला, तो बियांत नेऊन ठेवला. पंजाबात, अमृतसरच्या आसपास, सेलरीची शेती दांड्यांसाठी होत नाहीच. हिवाळ्यात रोपं लावायची, त्यांना खुशाल फुलोऱ्याला जाऊ द्यायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बी झोडपून घ्यायचं. मिशिगनच्या शेतकऱ्याची जी डोकेदुखी, तेच पंजाबच्या शेतकऱ्याचं पीक. जगाच्या बाजारात सेलरीच्या बियांचा मोठा वाटा भारताचा असतो. ते बी तिखट, कडवट आणि उष्ण. लोणच्याच्या मसाल्यात जातं, त्याचं तेल काढतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानात ते अजमोदा म्हणून कागदात बांधून मिळतं. (त्या पुडीत नेहमी सेलरीचंच बी असतं असं मात्र नाही. तिची एक-दोन चुलत भावंडं त्याच नावाने खपतात.)

या दोघींना एका वाफ्यात लावा, असं मी कुणाला सांगणार नाही. एकीला चिखल हवा, दुसरीला निचरा. शिवाय ॲबसिंथवाल्या जातीच्या पानांवरून पावसाने धुतलेलं कडू पाणी शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतं. बागेत त्यांना लांब ठेवणं सोपं आहे. माणसाच्या शरीरात मात्र ते जमत नाही. युरोपात उन्हाळ्याच्या शेवटी ढोरदवण्याच्या तिथल्या भावंडाचे परागकण हवेत उडतात, काहींना त्यांची ॲलर्जी असते, आणि अशांपैकी काहींचं तोंड सेलरी खाल्ल्यावरही खाजतं, ओठ सुजतात, क्वचित जिवावर बेततं. दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या वनस्पती, पण त्यांची काही प्रथिनं इतकी मिळतीजुळती, की शरीराच्या पहारेकऱ्यांना त्यांतला फरक कळत नाही. शिजवूनही हे दर वेळी टळत नाही. म्हणून युरोपात पाकिटावर ठळक लिहायलाच हव्यात अशा चौदा घटकांमध्ये सेलरीचं नाव आहे. डॉक्टर या विकाराच्या नावात सेलरी आणि ते तण यांच्या जोडीला मसालेही घालतात, कारण धणे, बडीशेप, शहाजिरं, गाजर ही सगळी सेलरीच्याच कुळातली. तिथल्या रोग्याला बऱ्याचदा सेलरी सोडली की भागतं. इथे ढोरदवणा फुलल्यावर कुणाला हे दुखणं जडलं, तर डॉक्टरला आधी गोडा मसाला बंद करायला सांगावा लागेल, आणि तो सल्ला किती घरांत ऐकला जाईल याची मला दाट शंका आहे.