भरतीच्या हिशेबाने

रेवदंडा, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

तीर्थरूप दादांस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

साठी उलटल्यावर माणसांनी काशीरामेश्वर करावे, ते सोडून बत्तीस फुटांच्या नौकेत बसून कोकणपट्टी उतरण्याची बुद्धी तुम्हां उभयतांस कोणत्या ग्रहाने दिली, असे आम्ही निघण्यापूर्वी तुम्ही विचारले होते. त्याचे उत्तर तेव्हा दिले नाही, कारण ते माझ्यापाशी नव्हते. आणि आज कुंडलिकेच्या मुखाशी नांगर टाकून बसल्यावरही ते पुरतेपणी आहे असे नाही. यांच्यापुरते ते सोपे आहे. चौतीस वर्षे यांनी दुसऱ्यांच्या जहाजांवर, तीही इंजिनघरात, काढली, आणि इंजिनघराला खिडकी नसते. त्यामुळे सात समुद्र ओलांडून आलेल्या या गृहस्थाने समुद्र म्हणून जे पाहिले तो बहुतांशी तेलाच्या दाबाचा काटा होता. मी मात्र केवळ पत्नीधर्म म्हणून निघाले, असे सध्या समजावे.

नौकेचे नाव कै. सासूबाईंच्या नावावरून ‘गोदावरी’ ठेवले आहे. त्यांनी हयातीत होडीत पाऊल टाकले नव्हते. पण स्वभावसाम्य आहे. हीसुद्धा ऐकते ते आपल्या सवडीने, आणि एकदा एका बाजूला कलली की तिला सरळ करणे कोणाच्या हाती राहत नाही.

मुंबई सोडल्यावर काशाच्या खडकाला दूर ठेवून आलो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ याच खडकाच्या आसमंतात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. तिचे नाव निघाले की आई हातातले काम खाली ठेवीत असे, हे तुम्हांस आठवत असेल. मार्गशीर्षातल्या सकाळी तेथले पाणी इतके निवांत होते की मला त्याचा राग आला.

येथील एका वृद्ध नाखव्याने भरतीचा हिशेब शिकविला, तो तुम्हां महसुलातल्या माणसास आवडेल. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. आज द्वितीया, म्हणजे दीड. यांनी छापील कोष्टक काढून पाहिले, तर काही मिनिटांचाच फरक पडला, आणि तो कोष्टकाकडून पडला असावा असा नाखव्याचा चेहरा होता. तेव्हापासून मी पत्रांवर तारीख घालणे सोडले आहे.

बाणकोट, शुद्ध अष्टमी

दादा, मधल्या दिवसांत पत्र नाही, कारण एक अख्खी रात्र आम्ही तिरके होतो.

सावित्रीच्या खाडीत शिरून दासगावापर्यंत वर जावे, असा यांचा मनसुबा होता. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी तो पडून वायव्येचा खारा वारा सुटतो, तेव्हा दक्षिणेकडे जाणाऱ्याने दिवस कसा वापरावा हे समुद्रच सांगतो. पण खाडीचे शास्त्र निराळे. तेथे वाऱ्याची नव्हे, पाण्याची चाकरी करावी लागते. मुखातून भरती आत घुसते तिच्याबरोबर शिरायचे, ती वर पोहोचायला मुखापेक्षा जो उशीर लागतो तेवढी सवलत पदरात पाडून घ्यायची, आणि ओहोटी लागण्याच्या आत खोल डोह गाठून नांगर टाकायचा. या तीन कलमांपैकी तिसऱ्यात आम्ही अर्ध्या तासाने चुकलो. दासगाव समोर दिसत असताना, षष्ठीच्या संध्याकाळी, गोदावरी अगदी हळुवारपणे, दाराची कडी लागावी तशी, वाळूवर टेकली.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाकडे पाणी वाढत असते तेव्हा रुतले तर पुढली भरती अधिक मोठी येऊन सोडविते; पण षष्ठीपासून अष्टमीच्या भांगापर्यंत पाणी दिवसेंदिवस कमी चढते, आणि तेव्हा रुतलेल्याने आठवडाभराचा शिधा मोजावा. आम्ही मोजला. तांदूळ, कुळथाचे पीठ आणि तुमच्या घरचे मेतकूट एवढे पुरेसे होते. रात्री पाणी उतरत गेले तशी नौका कलत गेली, आणि जिला मी आजवर भिंत समजत होते तिच्यावर आम्ही पाठ टेकून बसलो. समोरच्या चिखलावर बॅटरीचा झोत टाकला तर दोन तांबडे ठिपके लकाकले. सावित्रीत मगरी आहेत हे मला ठाऊक होते. त्या आपल्याकडे पाहतात हे ठाऊक नव्हते. हे म्हणाले, “तिचं तिकडे आहे, आपलं इकडे.” बत्तीस वर्षांच्या संसारात इतके कमी शब्द इतके उपयोगी पडल्याचे मला आठवत नाही.

पहाटे हातपाटीने रेती काढणारे दोघे जण आपली होडी घेऊन आले. त्यांनी काही विचारले नाही. आमचा नांगर उचलून आपल्या होडीत घेतला, पात्राच्या मध्यावर नेऊन टाकला, आणि दोर आमच्या हाती देऊन बिडी पेटविली. रोजच्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि त्या पहाटेची आदल्या संध्याकाळपेक्षा वीतभर अधिक चढली, हे आमचे पूर्वसुकृत. दोर ताणत राहिलो, आणि नौका जशी टेकली होती तशीच, न बोलता, सुटली.

दासगावच्या धक्क्यावर आज पाहण्यासारखे काही नाही. पण मुंबईच्या साहेबलोकांना महाबळेश्वरी जायचे झाले म्हणजे ते समुद्राने बाणकोटास येत, खाडीने वर चढत आणि मग घाटाला लागत. म्हणजे सावित्री ज्या डोंगरावर उगम पावते तेथे पोहोचायला तिच्याच मुखातून शिरत. 1756 साली पेशव्यांशी झालेल्या तहात इंग्रजांनी बाणकोट पदरात पाडून घेतले, ते त्या लहानशा किल्ल्याच्या मोहाने खचित नव्हे. आणि 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेस निघाले, तेव्हा तेही आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने येऊन याच दासगावच्या बंदरात उतरले. पुढे महाडास जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे, पण इतिहासाच्या पुस्तकात ते वाचताना त्या दिवशी दासगावास पाणी किती होते हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. एक रात्र वाळूवर काढल्यावर येतो.

गोवळकोट, पौर्णिमा

आज दत्तजयंती. काठावरच्या देवळात पाळणा झाला, सुंठवडा मिळाला.

हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाने एक रात्र राहिलो, एवढेच. तेथला मासळीचा लिलाव फार वर्णिला गेला आहे. एका बंदराच्या कचेरीत मात्र आमचा पाऊण दिवस मोडला, कारण त्यांच्या नोंदवहीत मासेमारी, मालवाहू आणि प्रवासी असे तीनच रकाने होते, आणि नवराबायकोची स्वतःची नौका ही कशातच बसेना. शेवटी कारकुनाने यांना नाखवा आणि मला उतारू लिहिले. माझी हरकत नोंदवून घेण्यास रकाना नव्हता.

वाशिष्ठीविषयी थोडे सविस्तर लिहिते. दाभोळच्या मुखातून भरतीबरोबर आत शिरलो, तेव्हा डाव्या हातास ते गाव, ज्याच्या बंदरात बहमनी आणि आदिलशाही अमदानीत अरबस्तान-इराणची जहाजे लागत आणि ज्याची पोर्तुगीजांनी 1508 च्या अखेरीस राखरांगोळी केली. पाण्याकाठी ती घुमटाची मशीद अजून उभी आहे. पुढे दोन्ही तीरांना तिवरांची दाट हिरवी भिंत, मधूनच खाजणाचे बांध, आणि बांधावर ध्यानस्थ बगळे. उधाणाचे पाणी असल्यामुळे या खेपेस आम्हांस कोणी अडविले नाही.

आणि हे पाणी तरी कोणाचे? महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना खरे म्हणजे कऱ्हाडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्रास जायची; पण तिचे पाणी धरणात अडवून, सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांनी पश्चिमेस वळवून, पोफळीच्या बाजूस वीज काढून झाली की वाशिष्ठीत सोडून देतात. पश्चिमेस किती न्यावे याची मर्यादाही कृष्णा पाणीतंटा लवादाने घालून दिली आहे: वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफूट. म्हणून कोकणातल्या इतर नद्या माघ-फाल्गुनात आटून खडक उघडे पडतात तेव्हाही ही वाहती राहते. नौकेत बसून मी हाताने ते पाणी उचलून पाहिले आणि चाखले, खारट लागले. त्यात कोयना कितपत होती हे सांगता येणार नाही.

मधल्या एका वाडीजवळ पिण्याचे पाणी घेण्यासाठी थांबलो. काठावर जांभ्या दगडाच्या, शेवाळलेल्या सात-आठ पायऱ्या. त्या चढून गेले तर थेट एका जुन्या चौसोपी घराच्या ओटीवर. तुळशीवृंदावन समोर, आणि वृंदावनाच्या पलीकडे खाडी. घरच्या आजी नव्वदीच्या आसपास. त्यांना आमचे कौतुक वाटले ते होडीतून आलो याचे नव्हे, तर पुढल्या दाराने आलो याचे! त्या म्हणाल्या, “हल्ली सगळे मागीलदारीच येतात हो.” मला आधी उमगले नाही, मग घरातून फिरून पाहिले. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी पाहुणा, नवरी, टपाल, मीठ, चिपळूणचा व्यापारी, तलाठ्याचा माणूस, जे काय यायचे ते पडावातून आणि भरतीच्या वेळेला. म्हणून ओटी खाडीकडे, माजघर मधे, आणि गोठा व न्हाणीघर मागे डोंगराकडे. पुढे डोंगराच्या बाजूने सडक आली. आता मोटार गोठ्याशी थांबते, पाहुणा शेणाच्या वाटेने स्वयंपाकघरातून घरात शिरतो, आणि आलेल्या माणसाला आधी चूल दिसते व शेवटी देव. घर तेच, भिंती त्याच. पण गावाने जणू झोपेत कूस बदलली आणि घर होते तसेच निजून राहिले. थोरल्या नातवाने गोठा पाडून तेथे नवीन ओटी बांधायचे ठरविले आहे. आजींचा विरोध नाही. त्यांची अट इतकीच की पायऱ्या काढायच्या नाहीत. मी कारण विचारले तर म्हणाल्या, “राहू देत. भरती अजून येतेच आहे ना?”

तेव्हापासून, दादा, मी किनाऱ्यावरचे प्रत्येक गाव त्याच दृष्टीने पाहते आहे. तुम्ही-आम्ही आजवर मुंबई-गोवा रस्त्याने कोकण पाहिले, म्हणजे मागीलदाराने पाहिले. चिपळूणच्या मिठागरांवर कारकुनी केलेला बाळाजी विश्वनाथ पुढे घाट चढून पेशवा झाला, हे शाळेत शिकविताना मी ‘गरिबीतून वर आलेला’ असे सांगत असे. आज वाटते, मिठाचा प्रत्येक पडाव, त्याची जकात, त्याची वेळ ज्याच्या दप्तरात नोंदली जात होती, तो तेव्हाच्या हमरस्त्यावरच बसलेला होता.

विजयदुर्ग, वद्य एकादशी

राजापूरला जाता आले नाही. सतराव्या शतकात जेथे इंग्रजांची वखार होती, तेथवर आज आमच्या साडेतीन फुटांच्या तळालाही पाणी पुरत नाही. डोंगर उघडे पडले, माती नदीत आली, आणि बंदर गाळाखाली गेले. जैतापुराहून परतलो.

रत्नागिरीच्या पुढे कोणाचे तरी जाळे आमच्या पंख्यात अडकले. हे सुरी दातात धरून पाण्यात उतरणार, तोच जाळ्याचा धनी आला, स्वतः उतरला, आणि शक्य तेवढे जाळे वाचवून अडकलेला तुकडा कापून वर आला. आम्ही भरपाई देऊ केली. त्याने तुकडा हातात धरून बराच वेळ विचार केला आणि जी रक्कम सांगितली ती इतकी वाजवी होती की मला घासाघीस करता आली नाही.

येथे किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात, आणि लॉकियर नावाच्या शास्त्रज्ञाने 1868 च्या ग्रहणात येथूनच हेलियमचा शोध लावला असे प्रत्येक जण सांगतो. ते तसे नाही: त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होता. तो विजयदुर्गास आला तो 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. मी वाटाड्यास नम्रपणे सांगितले. त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. खाडीत आत, गिर्ये गावाजवळ, मराठी आरमाराची गोदी आहे, ती मात्र ग्रहणावाचूनही पाहण्यासारखी. खडकात कोरलेली, साडेतीनशे फूट लांब. उधाणाला गलबते आत घ्यायची, ओहोटीला ती कोरडी पडली की तळ दुरुस्त करायचा. सावित्रीत आमची जी फजिती झाली तीच येथे हुकमतीने करून घेतलेली. हे तासभर त्या कातळावर उकिडवे बसून होते. बोलले काही नाहीत.

देवबाग, पौष शुद्ध पंचमी

कर्लीच्या संगमाजवळ आहोत. एका बाजूस खाडी, एका बाजूस समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. काल रापण ओढताना पाहिली: दोन दोर, दोन रांगा, पन्नासेक माणसे, आणि वाळूवर येईपर्यंत कोणालाच ठाऊक नाही की आत काय आहे. आमच्या वाट्यास दोन बांगडे आले, कारण यांनीही दोराला हात लावला होता. माझ्या वाट्यास ते साफ करणे आले.

नाखव्याचा हिशेब येथे तसाच्या तसा चालत नाही. भरती दक्षिणेकडून उत्तरेस चढत जाते, त्यामुळे इकडे ती मुंबईपेक्षा तासभर आधी होते. आणि मुंबईस उधाणाचे पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, ते गोव्याच्या बाजूस जेमतेम दोन. तेरेखोलपर्यंत जाऊन परतायचे आहे, पण मुखाशी वाळूचा दांडा आहे, म्हणून उधाणाच्या जवळची तिथी पाहून त्रयोदशीस निघू.

तुम्ही येतो म्हणाला आहात, तर द्वादशीच्या रात्रीच्या एस. टी.ने निघून मालवणास उतरावे आणि तडक येथे यावे. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. इकडचा तास वजा करता पावणेनऊ. तुम्ही घड्याळ मामलेदारी शिस्तीने दहा मिनिटे पुढे ठेवता, तेच ठेवावे. नऊ वाजता आलात तर आम्ही दांड्यापलीकडे दिसू. येताना मेतकूट आणि माझा दुसरा चष्मा आणावा. पहिला वाशिष्ठीत आहे. धक्क्याला पायऱ्या आहेत, शेवटच्या दोन निसरड्या.

सौ. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो असावा.

तुमची धाकटी